तीनशे चाळीस घरांचं सांडपाणी आणि अठ्ठावन्न लाखांचं कोटेशन

इंदूर जिल्ह्यातल्या सांवेर तहसीलीतल्या एका गावातून एका ताईंनी विचारलं आहे. त्या ग्रामपंचायतीत पंच आहेत. घरं ३४०, वस्ती १,९०० च्या आसपास. घरोघर नळ आले आणि वर्षभरात गल्ल्यांतून पाणी वाहायला लागलं, शाळेसमोर डबकं झालं. महाराष्ट्रातल्या नातेवाइकांनी नांदेडकडच्या शोषखड्ड्यांचे व्हिडिओ पाठवले म्हणून यांनी चाळीस खड्डे केले, ते पहिल्याच पावसाळ्यात तुंबले. आता एका कंपनीनं दिवसाला १ लाख लिटरच्या तयार प्लांटचं ५८ लाखांचं कोटेशन दिलं आहे आणि सरपंच सहीला निघालेत. घ्यावं का, आणि नाही तर काय करावं, असा ताईंचा प्रश्न आहे.

ताई, सरपंचसाहेबांना म्हणावं, पंधरा दिवस कळ काढा. सांडपाण्याच्या कामात माझी तीस-बत्तीस वर्षं गेली, त्यातली बरीचशी इंदुरात. निवृत्त झाल्यावर आसपासच्या गावांत फिरायला लागलो तेव्हा कळलं की शहरात शिकलेलं निम्मं इथं विसरावं लागतं.

तुमच्या सरपंचांच्या डोक्यात काय आहे ते मला ठाऊक आहे, कारण प्रत्येक पंचायतीत हेच ऐकतो: इंदूरनं केलं, मग आपण का नाही? इंदूरला २०२१ मध्ये देशातलं पहिलं ‘वॉटर प्लस’ शहर, म्हणजे सांडपाणी शुद्ध केल्याशिवाय बाहेर न सोडणारं शहर, ठरवलं हे खरं. पण एकट्या कबीटखेडीच्या प्लांटची क्षमता दिवसाला २४.५ कोटी लिटर आहे, तुमच्या गावाच्या साधारण तीन हजार पट. तिथं तिन्ही पाळ्यांना माणसं असतात, प्रयोगशाळा असते, मोटर जळाली तर दुसरी तयार असते. तुमच्याकडे पंचायतीचा एक चौकीदार, तोच नळाचा व्हॉल्व्ह फिरवणारा.

कोटेशनमधला प्लांट खोटा नसतो. त्यात घाण खाणारे जिवाणू पाळलेले असतात आणि त्यांना रात्रंदिवस हवा फुंकावी लागते. हवा चार-सहा तास थांबली की वास सुटतो, आणि दिवस-दिवस थांबली तर कळप मरतो, मग पुन्हा उभा करायला दोन-तीन आठवडे. गावातली वीज तुम्ही जाणताच. ३ अश्वशक्तीचा ब्लोअर दिवसाला वीस तास चालला तर ४४ युनिट होतात. युनिटला सात रुपये धरले तरी महिन्याला नऊ हजारांच्या वर फक्त ब्लोअरचे. पंप, ऑपरेटर, दुरुस्ती वेगळी. तुमच्या पंचायतीची पाणीपट्टी महिन्याला किती जमते, ते त्याच्या शेजारी लिहून बघा. एका निवासी शाळेच्या आवारात असाच प्लांट बघायला गेलो होतो. कुलूप उघडायला अर्धा तास किल्ली सापडेना. आत गेलो तर ब्लोअरच्या पट्ट्याला लागून चिमणीनं घरटं केलेलं, त्यात पिल्लं. मग ‘चालू करून दाखवा’ म्हणायचा धीर झाला नाही.

आता आधी मोजायचं काम. ते तुम्ही स्वतः करा, उपयंत्र्यावर, म्हणजे सरकारी ज्युनियर इंजिनिअरवर, सोडू नका. तो जल जीवन मिशनचे माणशी ५५ लिटर घेईल, त्याला १,९०० नं गुणेल, ८० टक्के धरेल आणि ८३,६०० लिटर लिहून मोकळा होईल. कंपनीनं तेच केलं आहे आणि वर गोल आकडा केला आहे. हाच हिशेब मीही एकदा केला होता, देपालपूरच्या बाजूला एका गावात. कागद चोख होता. पण तिथं नळ एकाआड एक दिवस यायचा, बरंच पाणी गुरांच्या पिण्यात आणि परसातल्या केळी-अळूत जिरायचं. प्रत्यक्षात हिशेबाच्या तिसरा हिस्सा पाणी आलं. त्या हिशेबानं बांधलेला गिट्टीचा वाफा मे महिन्यात कोरडा ठणठणीत, त्यावर लावलेलं पाणकणीस वाळून पाचोळा झालेलं, आणि एका दुपारी कुणाच्या तरी विडीनं त्यानं पेट घेतला. सांडपाणी शुद्ध करायला बांधलेल्या वाफ्यावर आम्ही विहिरीचं पाणी बादल्यांनी मारत होतो. तेव्हापासून मी बादलीवाला झालो.

तर, रंगाची २० लिटरची रिकामी बादली घ्या. गावाचं पाणी ज्या पुलियाखालून बाहेर पडतं तिथं विटा-मातीचा छोटा बांध घालून पीव्हीसी पाइपचा एक तुकडा बसवा, म्हणजे पाणी एका धारेनं पडेल. बादली भरायला किती सेकंद लागले ते मोबाईलवर बघायचं. ४० सेकंद लागले तर सेकंदाला अर्धा लिटर, तासाला १,८०० लिटर. पहाटे पाचपासून रात्री दहापर्यंत दर अर्ध्या तासानं, एकदा नळाच्या दिवशी आणि एकदा बिननळाच्या. धार मोठी असेल आणि बादली पाच सेकंदांत भरत असेल, तर पत्र्यात काटकोनी त्रिकोणी खाच कापून तो बांधात आडवा बसवा. खाचेच्या टोकापासून पाणी ५ सेंटीमीटर वर असेल तर सेकंदाला पाऊण लिटर, १० सेंटीमीटर असेल तर साडेचार लिटरांच्या आसपास. उंची पत्र्याला लागून मोजू नका, मागे हातभर अंतरावर मोजा, कारण खाचेपाशी पाणी वाकतं. शाळेतल्या आठवी-नववीच्या पोरांना हे काम द्या. ती मोठ्यांपेक्षा इमानदारीनं करतात.

दोन दिवसांत एक गंमत दिसेल. निम्म्याहून जास्त पाणी सकाळच्या तीन-चार तासांत येतं. जे काही बांधाल ते ह्या लोंढ्यासाठी बांधायचं, दिवसाच्या सरासरीसाठी नाही.

मोजणी चालू असताना दुपारी एक फेरी मारा, नालीच्या कडेनं, खाली बघत. नालीत बारीक पाइप उतरलेले दिसतील ते मोरीचे आणि न्हाणीचे. चार इंची पाइप दिसला की थांबा, तो बहुतेक संडासाच्या टाकीचा. मोजा असे किती आहेत. हा आकडा पाण्याच्या आकड्याइतकाच महत्त्वाचा आहे. सेप्टिक टँकमधून बाहेर येणारं पाणी ‘साफ’ असतं असा समज सगळीकडे आहे. टाकीत जड माल खाली बसतो, घाणीचा भार तिसरा हिस्सा ते फार तर निम्मा कमी होतो. रोगजंतू आणि जंतांची अंडी बाहेर येतातच. ज्यांनी नियमाप्रमाणे दोन खड्ड्यांचे संडास बांधलेत त्यांचा पाइप नालीत येतच नाही. ती घरं तुमची पुण्याई समजा.

चार इंची पाइप दहा-पंधराच असतील तर त्या घरांशी बोलून ते तिथल्या तिथं बंद करा, टाकीमागे त्यांचा स्वतःचा चर काढून द्या. अर्ध्या गावाचे असतील तर मात्र तुमच्या नालीत सांडपाणी नाही, मैलापाणी वाहतं आहे असं धरूनच पुढचं सगळं करायचं: कुंपण, खोल टाकी, जास्त जागा. आणि एक गोष्ट मी प्रत्येक ठिकाणी ओरडून सांगतो. टाकीत माणूस उतरवायचा नाही. झाकण उघडून दहा मिनिटं ठेवलं, काडी पेटवून पाहिली, असले उपाय माणसं मारतात. २०१३ च्या कायद्यानं माणसाला तसं उतरवणं गुन्हा आहे. टँकर बोलवायचा, आणि टँकरवाला ते कुठं ओततो हेही विचारायचं. तुमच्याच जिल्ह्यात कालीबिल्लोदला मैल्याच्या गाळाचं प्रक्रिया केंद्र आहे. एकदा सरपंचांना घेऊन जाऊन पाहून या.

आता माती. ‘मालव माटी गहन गंभीर’ म्हणतात. तुमचे चाळीस शोषखड्डे ह्या गहनपणानंच खाल्ले.

नांदेडकडचे खड्डे खोटे नाहीत. चार फूट लांब, चार रुंद, चार खोल, मध्ये टाकी, भोवती दगड. खाली मुरूम लागला तर ते पाणी पितात. तुमच्याकडे चार फुटांवर अजून काळीच असणार. ही माती ओली झाली की फुगते आणि तिची बारीक छिद्रं मिटतात. उन्हाळ्यात खणलात तेव्हा तिला बोटभर भेगा होत्या, पाणी भसाभस उतरलं, सगळे खूश. पहिल्या पावसानं भेगा मिटल्या. शोषखड्ड्याची परीक्षा उन्हाळ्यात घेतली की माती हमखास फसवते.

खरी परीक्षा अशी घ्यायची. जितका खोल खड्डा करणार तितक्या खोलीवर वीतभर रुंदीचं भोक पाडा. कडा खुरप्यानं खरवडा, कारण फावड्यानं त्या गुळगुळीत होतात आणि पाणी अडवतात. तळाला दोन बोटं बारीक खडी. संध्याकाळी फूटभर पाणी भरा आणि माती रात्रभर फुगू द्या. सकाळी खडीच्या वर १५ सेंटीमीटर पाणी ठेवून पट्टीनं बघा, अर्ध्या तासात किती उतरलं. अडीच सेंटीमीटर उतरायला ३० मिनिटांहून कमी वेळ लागला तर शोषखड्डा चालेल. तासाहून जास्त लागला तर त्या जागी खड्ड्याचा नाद सोडा. काळ्या मातीत दुपारपर्यंत पट्टीवर काही हललेलंच नसतं.

पण सगळं गाव काळीवर नसतं. जुनी वस्ती पांढरीवर असते, आणि टेकाडाच्या अंगाला चार-पाच फुटांत मुरूम लागतो. तिथल्या घरांना शोषखड्डे द्या, फक्त हातपंप आणि विहिरीपासून निदान दहा मीटर लांब. प्रत्येक खड्ड्याआधी गाळ आणि खरकटं धरायला एक छोटं चेंबर हवंच. राखेनं भांडी घासणाऱ्या घरात ते पंधरा दिवसांत भरतं. तुमच्या सत्तर-ऐंशी घरांचं पाणी इथंच जिरलं तर खालचं काम तेवढं हलकं होईल.

उरलेल्या पाण्यासाठी तीच काळी माती कामाला येते. जी खड्ड्यात पाणी जिरू देत नाही, ती तळ्यात पाणी धरून ठेवते. म्हणून तुमच्यासाठी माझी पसंती स्थिरीकरण तळ्यांना आहे, म्हणजे सांडपाणी काही दिवस थांबवून ऊन आणि शेवाळ यांच्याकडून साफ करून घेणारी उथळ तळी. गावाच्या उतारावर, घरांपासून शक्यतो दोनशे मीटर लांब, चरनोईची (गुरं चरायची) किंवा दुसरी सरकारी जमीन आहे का ते पटवाऱ्याकडून, म्हणजे तलाठ्याकडून, खसरा नकाशावर बघा. उतारावर म्हणजे खरंच उतारावर. पाणी आपोआप जायला हवं. एक पंप जरी मध्ये आला तरी वर सांगितलेलं चिमणीचं घरटं आठवा.

मोजणीत दिवसाला ६० हजार लिटर निघालं असं धरू. आधी जाळी, मग गाळ बसवायची पक्की टाकी, ८ मीटर लांब, अडीच रुंद, दीड खोल, मध्ये आडवी भिंत. पाणी त्यात सरासरी अर्धा दिवस थांबतं. त्यानंतर सव्वा मीटर खोलीचं तळं, पाणी दहा दिवस थांबेल एवढं, म्हणजे पाण्याचा पृष्ठभाग ५०० चौरस मीटरच्या आसपास. त्याच्या पुढे मीटरभर खोलीचं दुसरं, ३०० चौरस मीटरचं, पाच दिवसांचं. बांध धरून अर्ध्या एकराच्या आत बसतं. पहिल्या तळ्याचं पाणी हिरवं होईल. लोक तक्रार करतील. होऊ द्या, ते हिरवं शेवाळच दिवसा प्राणवायू तयार करतं. दुसऱ्या तळ्यात मुख्य काम उन्हाचं, ते जंतू मारतं. मालव्यात ऊन फुकट आहे.

बांधांची बाजू उभी ठेवू नका, मीटरभर उंचीला अडीच मीटर ढाळ द्या, नाही तर काळी माती पहिल्या झडीत घसरून आत येते. आणि तळाला सिमेंटचं अस्तर करायला कुणी सांगितलं तर हात जोडा. खालची माती फुगते-आक्रसते, अस्तर तडकतं. चिकणमाती ओली करून थरांत चांगली धुम्मस करा आणि नंतर तळं कधी कोरडं पडू देऊ नका.

जमीन मिळालीच नाही तर गिट्टीचा वाफा. ६०० चौरस मीटर, ६० सेंटीमीटर खोल, पाणी गिट्टीच्या पृष्ठभागाखाली चार बोटं राहील असा. वर पाणी दिसत नाही म्हणून डास होत नाहीत, हा त्याचा मोठा फायदा. वर पाणकणीस किंवा कर्दळ. पण गिट्टी क्रशरवरून आली तशी टाकू नका. एका ठिकाणी ठेकेदारानं चुरीसकट डंपर ओतले, मी तेव्हा रजेवर. सहा महिन्यांत सगळी चुरी तळाशी सिमेंटसारखी बसली आणि पाणी वरून वाहायला लागलं. गिट्टी हातात घेऊन ओंजळभर पाण्यात हलवायची. पाणी चहासारखं झालं तर परत धुवायला लावायची. ठेकेदार चिडतो. चिडू दे.

आता ज्यावर सगळे गप्प बसतात ते सांगतो. तळं असो की वाफा, मारतं ते शेण. एक म्हैस दिवसाला पंधरा-वीस किलो शेण टाकते. गोठा पाइपनं धुतला की त्यातलं निम्मं नालीत. माणसांच्या मोरीचं पाणी त्याच्यापुढे काहीच नाही. तुमच्या गावात दुधाचा धंदा असणारच. त्या घरांशी पहिली बैठक घ्या, आणि तिथं ‘प्रदूषण’ हा शब्द काढू नका. शेण आधी फावड्यानं उचला, मग धुवा, आणि गोठ्याच्या तोंडाशी एक खड्डा, एवढंच मागायचं. शेणाला भाव आहे, हे त्यांना तुमच्यापेक्षा जास्त कळतं.

गाळाच्या टाकीतून वर्षाला एक-दोनदा निघणाऱ्या चिखलाचं काय करायचं, याचं उत्तर इंदूरनं जगाला शंभर वर्षांपूर्वी दिलेलं आहे. १९२४ ते १९३१ या काळात अल्बर्ट हॉवर्ड आणि त्यांचे सहकारी यशवंत वाड यांनी होळकर संस्थानातल्या ह्याच जमिनीवर कापसाच्या पऱ्हाट्या, काडीकचरा, शेण आणि गोमूत्र मुरलेली माती थरांत रचून, तीनदा उलथून, तीन महिन्यांत खत करायची पद्धत बसवली. जगभर तिला ‘इंदूर पद्धत’ म्हणतात आणि इंदुरातल्या शंभरातल्या नव्वदांना ते माहीत नसतं. तुमच्याकडे सोयाबीनचं कुटार, म्हणजे मळणीचा भुसा, आहे. चिखल आधी वाळवायचा, कुटाराबरोबर थर द्यायचे. ढीग आतून हात लावता येणार नाही इतका तापला पाहिजे, आणि प्रत्येक उलथणीनंतर पुन्हा तापला पाहिजे. ती ऊबच जंतांची अंडी मारते. नालीत मैलापाणी असेल तर तयार खत आणखी काही महिने पडू द्या आणि भाजीला वापरू नका.

तळ्यातून बाहेर पडणारं पाणी नेपिअर गवताला, गव्हाला, बांधावरच्या झाडांना द्या. मेथी, कोथिंबीर, मुळा, गाजर, कच्चं खाल्लं जाणारं काहीही नको. पाणी कितीही नितळ दिसलं तरी नको. सहा महिन्यांतून एकदा नमुना तपासायला द्या. नाल्यात सोडणार असाल तर २०१७ च्या अधिसूचनेप्रमाणे महानगरांबाहेर बीओडी (पाण्यातली घाण कुजताना जेवढा प्राणवायू खाते तो) लिटरला ३० मिलिग्रॅमपर्यंत चालतो. तुमचा नाला शेवटी क्षिप्रेलाच जातो. कान्ह नदीतून इंदूरचं पाणी तिथं जातं म्हणून उज्जैनच्या सिंहस्थाच्या वेळी कोट्यवधी रुपये खर्चून ती वळवावी लागते. आपली भर कशाला.

पैशाचं थोडक्यात. स्वच्छ भारत ग्रामीणच्या दुसऱ्या टप्प्यात पाच हजारांपर्यंत वस्तीच्या गावाला सांडपाण्यासाठी माणशी २८० रुपयांपर्यंत धरले होते. तुमच्या १,९०० ला ५ लाख ३२ हजार. ५८ लाखांच्या कोटेशनशेजारी हा आकडा ठेवला की बैठकीत आवाज आपोआप खाली येतात. तळ्यांची खोदाई रोजगार हमीच्या मजुरीत बसते का ते जनपदमध्ये (तालुक्याच्या पंचायतीत) विचारा, आणि वित्त आयोगाच्या बांधील निधीतला स्वच्छतेचा भाग ह्याला जोडा. खर्चात जाळी आणि गाळटाकी साफ करणाऱ्या माणसाचा महिन्याचा पगार पहिल्या ओळीत लिहा, शेवटच्या नाही. तळी पाच वर्षं दुर्लक्षाला पुरून उरतात, जाळी पाच दिवस नाही.

राहिला पावसाळा. नालीत छपरांचं आणि रस्त्याचं पाणीही येणार, आणि ते तळ्यात गेलं तर वर्षभराचा गाळ एका रात्रीत खालच्या शेतात. म्हणून गाळटाकीच्या आधी नालीला दोन तोंडं ठेवा, एक टाकीकडे, एक जरा उंचावर नाल्याकडे, आणि त्या नाल्याकडच्या तोंडावर सरकणारी फळी. मृग लागायच्या आधी ती अर्धी उचलायची, म्हणजे रोजचं पाणी टाकीत आणि लोंढा नाल्यात. दिवाळीच्या साफसफाईत परत खाली. फळी लाकडाची करू नका. मी दोनदा सागवानी केली, दोन्हीदा श्रावणापर्यंत कुणाच्या तरी चुलीत गेली. सिमेंटची ओता, वर लोखंडी कडी, आणि कडीची किल्ली चौकीदाराकडे नाही, अंगणवाडीताईंकडे.